ओडी

दाराला बेल होती. तरी उंबऱ्याबाहेर उभी राहून
बाय म्हणाली, "ओडी?"
आणि थांबली.
मला काय ठाऊक, याला उत्तर द्यायचं असतं.
मी सरळ दार उघडलं, तिची बॅग ओढली,
म्हटलं, ये आत, तुझंच घर.

सिस्टर अपोलोनिया. आमची पोलूबाय.
एकतीस वर्षं मलावीत, त्यातली बावीस एकाच गावी,
जिथं दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पडवी
आणि उन्हावर चालणारा लशींचा फ्रीज.

मरोळ गावठाणात पाणी येतं पहाटे पावणेपाचला.
ती चारलाच नळापुढं स्टूल घेऊन बसते,
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी.
धार आली की पुटपुटते:
ही बादली बाळंतिणीची,
ही कात्र्या-सुया उकळायला,
ही रात्री कोण येईल त्याची.
"बाय, इथं कुणी बाळंतीण नाही."
"हो रे," म्हणते,
आणि चौथी भरायला लावते.

रविवारी मिस्सानंतर फादर मिनेझिसनी
तिच्या हातात माइक दिला.
पुढच्या बाकावरल्या पोरानं विचारलं, सिंह पाहिलात?
"नाही. उंदीर पाहिले. डिझेलची बिलं पाहिली.
पहिल्या दिवशी पोरं मागं लागली, अमवेन्ये, अमवेन्ये!
म्हणजे हिंदुस्थानी. त्यांच्या लेखी हिंदुस्थानी म्हणजे दुकानदार.
एका म्हातारीनं मला साखरेचा भाव विचारला.
म्हटलं, मी देवाच्या कामाला आलेय.
ती म्हणाली, असू दे, पण साखर कधी येणार?"
देऊळभर हसू. बाय हसली नाही.
"सहा महिन्यांत साखर ठेवायला लागले.
मीठ-साखरेचं पाणी, पटकीच्या दिवसांत.
तिचा एक नातू त्यावर जगला.
एक नाही जगला."
माइक खरखरला. फादरनी
मिशनचे लिफाफे वाटायला घेतले.

रात्री लाइट गेली की ती उठते,
आमच्या फ्रीजवर तळहात ठेवून उभी राहते.
आत काय, तर कालचं सोरपोतेल आणि दही.
एका रात्री तशीच उभी असताना म्हणाली,
"बॅटरी चोरली होती माझी. चिसोमोनं. माझाच वॉचमन.
पोरीच्या शवपेटीला पैसे नव्हते त्याच्याकडं.
साठ पोरांच्या लशी ओतून दिल्या मी खड्ड्यात.
सगळ्यांना वाटतं मी माफ केलं.
चार महिने बोलले नाही त्याच्याशी, रोज पावाचा प्रसाद घेऊन.
मग मला ताप आला, तेव्हा कोंबडी घेऊन आला तो.
दाराबाहेर उभा. ओडी म्हणाला.
मी ऐकलं. गप्प पडून राहिले.
ऊन डोक्यावर आलं, तरी उभाच."
"मग?"
"मग काय. त्याची ती एकच कोंबडी होती."

परवा मदर जनरलचं पत्र आलं.
वय अडुसष्ट, किडनी, डॉक्टरांचा सल्ला,
आता परत जाऊ नये, विश्रामगृहात खोली तयार आहे.
दोनदा वाचलं. घडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवली.
म्हणाली, "मक्याचं पीठ आहे घरात?"
मग डावानं घोटत राहिली, घाम येईतो,
पांढरा घट्ट गोळा, मीठ न घालता.
बोंबलाच्या कालवणात बुडवून आम्ही दोघांनी खाल्ला.
मला बेचव लागला. दोनदा घेतला.

डोक्यावरून विमानं जातात दर दोन मिनिटांनी.
ती वर बघत नाही.
मीच बघतो, हे कुठलं, ते कुठलं.

आज बाजारातून आलो, दोन्ही हातांत पिशव्या,
बेलपर्यंत बोट पोचेना.
आपल्याच दारात उभा राहून, जरा लाजतच,
म्हणालो, "ओडी?"
जिन्यावरची कोयलीण चमकून बघायला लागली.
मी उभाच.
आत नळ बंद झाल्याचा आवाज आला.